जिवंत देहाच्या रसायनाचा कानोसा

तिसऱ्या मजल्यावर राहणारा एखादा गृहस्थ हातांत पिशवी घेऊन दोन दोन पायऱ्या टाकीत जिना चढून गेला, कीं दारापर्यंत पोंचतां पोंचतां त्याला धाप लागते, मांड्या भरून येतात, आणि कडी वाजविण्यापूर्वीं क्षणभर कठड्याला टेकून उभें राहावेंसें वाटतें. दोन-चार मिनिटें गेलीं कीं तो पूर्ववत् होतो. चहाचा पेला हातीं येईपर्यंत आपण दमलों होतों हेंही तो विसरून जातो. त्या चार मिनिटांत त्याच्या मांडीच्या स्नायूंत काय काय घडून गेलें? कोणता सांठा रिकामा झाला, कोणता पुन्हां भरला, आणि तो कशानें भरला? प्रश्न साधा दिसतो. पण चालत्याबोलत्या माणसाच्या शरीरांत त्याचें उत्तर प्रत्यक्ष पाहण्यास शरीरशास्त्राला विसाव्या शतकाचीं जवळजवळ पहिलीं ऐशीं वर्षें खर्चावीं लागलीं.

अन्नाचें शक्तींत रूपांतर व्हावें, शक्तीचा व्यय व्हावा, झिजलेला भाग पुन्हां बांधला जावा, हा जो देहांतील बांधणी-मोडणीचा अखंड व्यवहार, त्याला चयापचय असें म्हणतात. हा व्यवहार चालू असतांना तपासावयाचा, तर पूर्वीं एकच मार्ग होता. स्नायूचा तुकडा कापून घ्यावा, तो वाटावा, अम्लांत घालावा आणि त्यांतील द्रव्यांची मोजदाद करावी. परंतु कापतांना आणि वाटतांना जें पाहावयाचें तेंच पुष्कळदां नाहींसें होई. दुकानाचा रोजचा हिशोब कळावा म्हणून दुकानच पाडून विटा मोजीत बसण्यासारखा हा प्रकार होता.

यांतून फसगतही होई. इंग्लंडांतील ए. व्ही. हिल आणि जर्मनींतील ओटो मायरहोफ या दोघांना स्नायूंविषयींच्या संशोधनाबद्दल १९२२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. बेडकाचा स्नायु आकुंचन पावला कीं त्यांत दुग्धाम्ल तयार होतें, हें त्या काळीं ठाऊक झालेलें होतें. म्हणून दुग्धाम्ल हेंच आकुंचनाचें कारण असावें, अशी समजूत पक्की होत गेली. १९२७ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड येथें सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना मात्र एक चमत्कारिक गोष्ट आढळली. स्नायूंतील स्फुरद मोजण्यासाठीं ते जो रंग उमटवीत, तो रंग ताज्या स्नायूच्या बाबतींत उशिरानें आणि हळूहळू चढे. एखाद्यानें याला हातचलाखींतील चूक म्हणून सोडून दिलें असतें. आंध्रांतील भीमवरम् येथें जन्मलेले सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं या विलंबाचा माग काढला, आणि फॉस्फोक्रिएटिन नांवाचें एक नाजूक द्रव्य उजेडांत आलें. तें अम्लांत घालतांच फुटतें व त्यांतील स्फुरद सुटा होतो. म्हणूनच आजवर सर्वांना तो मुळापासून सुटाच आहे असें वाटत आलें होतें. त्याच सुमारास लंडनमध्यें एगल्टन दंपतीलाही हेंच द्रव्य स्वतंत्रपणें सांपडलें. पुढें १९३० सालीं डेन्मार्कमधील लुन्ड्सगार्ड यानें दुग्धाम्ल मुळींच तयार होऊं न देतां स्नायु आकुंचन पावतो हें दाखवून दिलें, आणि जुनी समजूत कोसळली.

१९२९ सालीं स्फुरदाचें आणखी एक संयुग हातीं आलें. त्याचें नांव अडिनोसिन ट्रायफॉस्फेट, संक्षेपानें ए.टी.पी. हें देहाचें चलनी नाणें होय. स्नायु आकुंचन पावो, मेंदू विचार करो, कीं मूत्रपिंड रक्त गाळो, दाम मोजावयाचे ते याच नाण्यांत. नाणीं मात्र थोडीं असतात. निरोगी मनुष्याच्या देहांत दिवसभरांत जेवढें ए.टी.पी. मोडतें आणि पुन्हां जुळतें, त्याचें वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या घरांत जातें. प्रत्यक्ष शिल्लक मात्र कोणत्याही क्षणीं मूठभरच. खिशांतील हा खुर्दा संपूं नये म्हणून स्नायु शेजारींच फॉस्फोक्रिएटिनचा बटवा बाळगतो. त्यामागें ग्लायकोजेन या प्राणिज पिष्टाचें कोठार, आणि सर्वांत मागें चरबीची मुदतबंद ठेव. हा सारा पसारा १९५० पर्यंत बव्हंशीं ठाऊक झालेला होता. उणीव होती ती एकच; जिवंत माणसाच्या देहांत, त्याला न कापतां, हा जमाखर्च वाचतां येत नव्हता.

ती उणीव ज्या युक्तीनें भरून निघाली, ती मुळांत वैद्यकाची नव्हे. १९४५ च्या डिसेंबरांत हार्वर्ड येथें एडवर्ड पर्सेल, टोरी आणि पाउंड या तिघांनीं मेणावर, आणि लगेच १९४६ च्या आरंभीं स्टॅनफर्ड येथें फेलिक्स ब्लॉख व त्याच्या सहकाऱ्यांनीं पाण्यावर जो प्रयोग केला, तो शुद्ध पदार्थविज्ञानाचा होता. पर्सेल आणि ब्लॉख यांना त्याबद्दल १९५२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

प्रयोगाचें मर्म सतारीवरून ध्यानांत येईल. सतारीच्या मुख्य तारांखालीं तरफेच्या बारीक तारा असतात. त्यांना कोणी छेडीत नाहीं. पण वरच्या तारेवर त्यांचा नेमका सूर लागला, कीं त्या आपोआप गुणगुणूं लागतात, आणि वरची तार थांबल्यावरही क्षणभर गुणगुणत राहतात. दुसरा कोणताही सूर कितीही जोरानें वाजवा, त्या दाद देत नाहींत. यालाच अनुनाद म्हणतात. कित्येक परमाणूंचे गाभे हे असेच तरफेच्या तारांसारखे असतात. हैड्रोजनचा गाभा, स्फुरदाचा गाभा, कर्बाच्या एका दुर्मिळ प्रकाराचा गाभा, हे सारे चिमुकले चुंबक असून भोवऱ्याप्रमाणें फिरतात. बलवान् चुंबकाच्या क्षेत्रांत ते ठेवले, कीं कलत्या भोवऱ्याप्रमाणें ते डुलूं लागतात, आणि त्या डुलण्याचा प्रत्येकाचा ठेका ठरलेला असतो. एका टेस्ला एवढ्या क्षेत्रांत हैड्रोजनचा ठेका सेकंदास सुमारें ४ कोटि २६ लक्ष आंदोलनांचा, स्फुरदाचा १ कोटि ७२ लक्षांचा, आणि त्या दुर्मिळ कर्बाचा १ कोटि ७ लक्षांचा. यांपैकीं शेवटचे दोन आंकडे जुन्या रेडिओ-संचाच्या लघुलहरींच्या पट्टींतील आहेत. तात्पर्य, नेमक्या त्या आंदोलनाची रेडिओ-लहर क्षणभर सोडावी, गाभे तिला साथ देऊं लागतात. लहर बंद करावी, आणि ते जें गुणगुणणें मागें उरतें, तें तारेच्या एका वेटोळ्यानें ऐकावें.

एवढ्यावरच हें थांबलें असतें, तर स्फुरद आहे किंवा नाहीं इतकेंच कळलें असतें. परंतु प्रत्येक गाभ्याभोंवतीं इलेक्ट्रॉनांचें पांघरूण असतें, आणि त्याच्या शेजारीं कोणता परमाणु बसला आहे यावर तें पांघरूण जाड कीं विरळ हें अवलंबून असतें. पांघरूण बदललें कीं सूर किंचित् चढतो वा उतरतो. १९५१ सालीं स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेंत साध्या मद्यार्कावर हें स्पष्टपणें दाखविण्यांत आलें. त्यांतील हैड्रोजनचा एक सूर ऐकूं न येतां तीन निरनिराळे सूर ऐकूं आले, कारण मद्यार्काच्या अणूंत हैड्रोजन तीन निरनिराळ्या जागीं बसलेला असतो. हा निबंध प्रसिद्ध करणाऱ्या तिघांपैकीं एस्. एस्. धर्मट्टी हे पुढें मुंबईस आले, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत या शास्त्राची परंपरा त्यांनींच सुरू केली.

आज गांवोगांवच्या मोठ्या रुग्णालयांत जें एम्.आर्.आय्. यंत्र असतें, तें याच अनुनादावर चालतें. मात्र तें बहुतेक वेळां पाण्यांतील आणि चरबींतील हैड्रोजनच ऐकतें आणि त्यावरून देहाचें चित्र रेखाटतें. चित्रावरून अवयवाचा आकार कळतो. सुरांचें पृथक्करण केलें तर त्या अवयवांत कोणतीं द्रव्यें किती आहेत हें कळतें. यंत्र एकच, पहिल्या उपयोगानें घराचा नकाशा मिळतो, आणि दुसऱ्यानें घरांतील स्वयंपाक. या पद्धतीच्या नांवांत पूर्वीं ‘अणुगर्भीय’ असा एक शब्द होता. त्या शब्दानें रोगी घाबरूं लागले, म्हणून रुग्णालयांनीं तो गाळून टाकला. भीति अनाठायीं होती. क्ष-किरणांसारखे भेदक किरण यांत मुळींच नसतात. धोका असतो तो लोखंडी वस्तु चुंबकाजवळ नेण्याचा, आणि तो खरोखरच मोठा असतो.

जिवंत पेशींतील स्फुरदाचा सूर प्रथम १९७३ सालीं कॅलिफोर्नियांत दोघां संशोधकांनीं रक्तांतील तांबड्या पेशींवर ऐकला. पुढल्याच वर्षीं ऑक्सफर्ड येथें उंदराच्या पायाचा नुकताच काढलेला स्नायु चुंबकांत ठेवण्यांत आला. तो वाटला नव्हता कीं अम्लांत घातला नव्हता. आलेखावर शिखरें उमटलीं: एक सुट्या स्फुरदाचें, एक उंच शिखर फॉस्फोक्रिएटिनचें, आणि तीन ए.टी.पी.चीं, कारण त्याच्या अणूंत स्फुरदाच्या तीन जागा आहेत. फिस्के आणि सुब्बाराव यांना ज्या नाजूक द्रव्याचा माग रंगाच्या विलंबावरून काढावा लागला होता, तें येथें न मोडतां, न फुटतां, आपल्या जागीं उभें होतें.

या आलेखांत आणखी एक लाभ अनायासें हातीं आला. स्नायु जसजसा अम्ल होत जातो, तसतसें सुट्या स्फुरदाचें शिखर आपली जागा सोडून फॉस्फोक्रिएटिनच्या शिखराकडे सरकतें. तें किती सरकलें हें मोजलें, कीं पेशीच्या आंतील अम्लता कळते. पेशींत सुई घालावी लागत नाहीं. इतका स्वस्त सौदा विज्ञानांत क्वचितच पदरीं पडतो.

आतां जिना चढणाऱ्या गृहस्थाकडे वळावें. मनुष्याचा हात किंवा पाय मावेल एवढे चुंबक आणि अंगावर नुसतें टेकवून ठेवतां येईल असें वेटोळें हीं दोन्ही १९८० च्या सुमारास तयार झालीं. पोटरीवर वेटोळें ठेवून मनुष्याला पायानें एक पट्टी दाबावयास सांगतात आणि कांहीं सेकंदांच्या अंतरानें आलेख घेत जातात. पट्टी दाबूं लागतांच फॉस्फोक्रिएटिनचें शिखर खचूं लागतें, आणि सुट्या स्फुरदाचें तितकेंच वर येतें. ए.टी.पी.चीं तीन शिखरें मात्र जवळजवळ हलत नाहींत. बटव्यांतून काढून खुर्दा कायम राखला जातो. श्रम वाढले कीं स्नायु अम्ल होऊं लागतो. विसाव्याच्या वेळीं जी अम्लता ७ अंकाच्या आसपास असते, ती कठीण श्रमांत ६.५ पर्यंत किंवा त्याहूनही खालीं उतरते. मग पाय स्थिर ठेवावयास सांगतात. निरोगी माणसांत अर्ध्याएक मिनिटांत बटव्याचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हां भरलेला असतो. हा भरणा प्राणवायूच्या साह्यानें पेशींतील मायटोकॉन्ड्रिया नांवाच्या सूक्ष्म भट्ट्या करतात. म्हणून तो किती वेगानें होतो यावरून त्या भट्ट्यांची प्रकृति कळते. दाराशीं टेकून उभ्या राहिलेल्या गृहस्थाची धाप ही या भरण्याचीच धाप होय.

रोग्याच्या बाबतींत हा कानोसा प्रथम उपयोगीं पडला तो ऑक्सफर्ड येथें, १९८१ सालीं. त्याची पूर्वकथा तीस वर्षांमागील आहे. १९५१ सालीं लंडनमधील डॉक्टर ब्रायन मॅकआर्डल यांनीं एका ३० वर्षांच्या तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली होती. थोडेसे श्रम केले कीं त्याचे स्नायु दुखूं लागत आणि ताठून जात. आणि इतरांच्या रक्तांत श्रमानंतर जें दुग्धाम्ल वाढतें, तें याच्या रक्तांत वाढत नसे. स्नायूंतील ग्लायकोजेनचें कोठार उघडणारी किल्लीच अशा माणसांत जन्मतः नसते, हें १९५९ सालीं सिद्ध झालें. तोंवर, आणि पुढेंही, निदानासाठीं स्नायूचा तुकडाच काढावा लागे. मूळचे हंगेरीचे जॉर्ज राड्डा आणि त्यांचे सहकारी यांनीं या रोगाच्या एका माणसाचा हात चुंबकांत ठेवला आणि त्याला श्रम करावयास लावले. फॉस्फोक्रिएटिन झपाट्यानें उतरलें. पण सुट्या स्फुरदाचें शिखर अम्लतेकडे सरकलेंच नाहीं. कोठार बंद होतें, म्हणून दुग्धाम्लही नव्हतें. असे लोक पुष्कळदां वर्षानुवर्षें आळशी म्हणून हिणवले जातात. त्यांच्या दृष्टीनें न सरकलेल्या त्या एका शिखराचें मोल केवढें असेल, याची कल्पना करावी.

सर्वसामान्य कुटुंबांना याहूनही जवळचा विषय म्हणजे मधुमेह. प्रौढपणीं जडणाऱ्या मधुमेहांत रक्तांत इन्शुलिन असूनही शर्करा उतरत नाहीं. जेवणानंतर रक्तांत आलेली द्राक्षशर्करा निरोगी मनुष्यांत कोठें जाते, आणि मधुमेह्यांत ती कोठें अडते? मत अनेकांचें होतें, पाहिलें कोणीच नव्हतें. येथें कर्ब उपयोगीं पडला. नेहमींचा कर्ब या यंत्राला मुका असतो. बोलतो तो कर्ब-१३ हा प्रकार, आणि तो निसर्गांत शंभरांत जेमतेम एक. येल विद्यापीठांत जेराल्ड शुलमन, रॉबर्ट शुलमन व त्यांचे सहकारी यांनीं या बोलक्या कर्बानें संपन्न केलेली द्राक्षशर्करा इन्शुलिनबरोबर शिरेंतून दिली आणि पोटरीच्या स्नायूंत ग्लायकोजेनचा सूर कसा चढत जातो तें ऐकलें. १९९० सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेले आंकडे असे: एक किलो स्नायूमागें दर मिनिटास निरोगी माणसांत १८३, आणि मधुमेह्यांत ७८. मोजमापाचें परिमाण येथें महत्त्वाचें नाहीं, प्रमाण पाहावें. मधुमेह्याचा स्नायु निम्म्याहूनही कमी वेगानें कोठार भरीत होता, आणि अशा स्थितींत शर्करेचा बहुतेक भाग स्नायूंतच जात असल्यामुळें तेथें झालेला अडथळा साऱ्या रक्ताला भोंवत होता.

पण कोठाराचें दार अडलें होतें, कीं त्याच्याही आधीं पेशीचाच दरवाजा? पेशींत शिरतांच शर्करेला स्फुरदाचा शिक्का बसतो. दोष जर पुढें कोठारापाशीं असेल, तर शिक्का बसलेली शर्करा आंत सांचून राहावी. दोष दरवाजाशीं असेल तर ती कमी आढळावी. स्फुरदाचा सूर ऐकून १९९२ सालीं हेंही मोजण्यांत आलें. ती कमी आढळली. १९९९ सालीं आणखी एका परीक्षेनंतर दोष बराचसा दरवाजाशींच, म्हणजे शर्करा पेशींत नेण्याच्या कामांत आहे, असा निर्णय झाला. त्याच सुमारास हैड्रोजनच्या सुरावरून दुसरी एक गोष्ट कळली. स्नायूच्या पेशींत सांचलेल्या चरबीचा सूर हा पेशींबाहेरील चरबीच्या सुराहून किंचित् वेगळा असतो. आणि पेशींतील ही चरबी जितकी अधिक, तितका स्नायु इन्शुलिनला कमी दाद देतो. २००४ सालीं मधुमेह्यांच्या तरुण, सडपातळ, अद्याप मधुमेह न झालेल्या, पण इन्शुलिनला कमी दाद देणाऱ्या मुलांची तपासणी झाली. त्यांच्या स्नायूंच्या पेशींतील चरबी इतरांहून सुमारें ८० टक्क्यांनीं अधिक भरली, आणि मायटोकॉन्ड्रियांचें काम सुमारें ३० टक्क्यांनीं कमी. रोग अंगावर उमटण्यापूर्वीं त्याची चाहूल अशी ऐकूं आली.

याच कर्बाच्या सुरानें उपवासाचाही हिशोब लागला. रात्रीं जेवून झोंपलेल्या माणसाच्या रक्तांत सकाळीं जी शर्करा असते, ती यकृतांतील कोठारांतून येते कीं यकृत ती नव्यानें बनवितें? १९९१ सालीं येल येथेंच यकृतांतील ग्लायकोजेन तासातासानें उतरतांना मोजलें गेलें. कडक उपवासाच्या पहिल्या २२ तासांत निम्म्याहून बरीच अधिक, म्हणजे सुमारें ६४ टक्के शर्करा यकृतानें नव्यानें बनविलेली निघाली. पूर्वींच्या अंदाजाहून हा आंकडा मोठा होता. अर्थात् हे प्रयोग निराहार माणसांवर झाले. साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस यांनीं साजरी होणारी एकादशी या हिशोबांत धरूं नये. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या स्थितींत यकृताचें कोठार रितें होण्याचा प्रसंगच येत नाहीं.

या पद्धतीच्या मर्यादाही लहान नाहींत. गाभ्यांचें गुणगुणणें अत्यंत क्षीण असतें. तीन टेस्लांच्या क्षेत्रांतही, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारों पट बलवान् चुंबकांत, हैड्रोजनच्या दर दहा लक्ष गाभ्यांमागें केवळ दहांच्या आसपास गाभ्यांचा अधिक कल ऐकण्याच्या कामीं येतो. स्फुरदाचें आणि कर्बाचें तर त्याहूनही कमी. म्हणून जीं द्रव्यें देहांत बऱ्यापैकीं विपुल आहेत, तींच ऐकूं येतात. इन्शुलिन स्वतः ऐकूं येत नाहीं, जीवनसत्त्वें ऐकूं येत नाहींत. एखाद्या सुपारीएवढ्या भागाहून लहान जागेंतील स्फुरदाचा सूर सहसा वेगळा काढतां येत नाहीं, आणि त्यासाठींही रोग्याला मिनिटेंच्या मिनिटें स्तब्ध पडून राहावें लागतें. २००३ सालीं अतिशीत स्थितींत गाभ्यांचा कल आगाऊ वाढवून द्रव्याचा सूर दहा हजार पटींहून अधिक मोठा करण्याची युक्ति निघाली, आणि २०१३ सालीं अशा रीतीनें तयार केलेलें पायरुवेट हें द्रव्य देऊन अमेरिकेंत ३१ रोग्यांच्या अष्ठीला ग्रंथींतील कर्करोगाचें चयापचय पाहण्यांत आलें. मात्र तो मोठा केलेला सूर दोन-तीन मिनिटांत विरून जातो. जें ऐकावयाचें तें तेवढ्यांत.

मर्यादा असूनही या कानोशानें वैद्यकाला सर्वांत मोठा धडा दिला तो नवजात अर्भकांच्या बाबतींत. जन्मतांना ज्या अर्भकाचा प्राणवायु कांहीं काळ तुटतो, तें रडविल्यावर, श्वास दिल्यावर पुष्कळदां सांवरतें. छाती हलूं लागते, रंग परत येतो, आणि घरचीं माणसें सुटकेचा निःश्वास टाकतात. मग दुसऱ्या दिवशीं त्याला झटके येऊं लागतात. कांहीं अर्भकें दगावतात, कांहीं जन्मभर पंगु होतात. मेंदूची हानि जन्माच्या क्षणींच पुरी होऊन चुकलेली असते आणि पुढें दिसतात ते केवळ तिचे परिणाम, असें मानलें जाई.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत, जेथें एके काळीं हिल यांनीं बेडकाच्या स्नायूंवर काम केलें होतें, तेथेंच स्नायूंचे अभ्यासक डेव्हिड विल्की आणि बालरोगतज्ज्ञ ऑसमंड रेनल्ड्स यांच्या मंडळीनें नवजात अर्भकांच्या डोक्याशीं वेटोळें ठेवून मेंदूंतील स्फुरदाचा सूर ऐकला. १९८३ आणि १९८४ सालीं त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. गुदमरून जन्मलेल्या अर्भकाचा मेंदू पहिल्या दिवशीं चुंबकांत पाहिला, तर फॉस्फोक्रिएटिनचें शिखर पुष्कळदां निरोगी अर्भकाइतकेंच उंच असे. बटवा भरलेला होता. पुढच्या दिवसांत मात्र तें शिखर खचत जाई, आणि फार वाईट स्थितींत ए.टी.पी.चीं शिखरेंही त्यामागोमाग ढांसळत. म्हणजे हानि एकदां होऊन संपत नव्हती. ती दोन हप्त्यांनीं येत होती, आणि त्या दोहोंच्या मध्यें कांहीं घटका मोकळ्या होत्या.

त्या घटकांत काय करावें? डुकराच्या पिलांवरील प्रयोगांत १९९५ सालीं असें दिसलें, कीं या अवधींत पिलाचें शरीर थोडें गार ठेवलें तर दुसरा हप्ता सौम्य होतो. तेव्हांपासून अर्भकाला जन्मानंतर सहा तासांच्या आंत ३३ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत गार करून ७२ तास तसें राखण्याचा उपचार परीक्षेस लागला. सीता शंकरन् यांच्या नेतृत्वाखालीं अमेरिकेंत २०८ अर्भकांवर झालेल्या आणि २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत, नेहमींच्या शुश्रूषेंत मृत्यु किंवा गंभीर अपंगत्व यांचें प्रमाण ६२ टक्के होतें. गार ठेवलेल्या अर्भकांत तें ४४ टक्के झालें. पाश्चात्य देशांत हा उपचार रूढ झाला. आज त्या अर्भकांच्या मेंदूंतील एका विशिष्ट द्रव्याचा, एन-ॲसिटिल ॲस्पार्टेटचा, सूर पहिल्या दोन आठवड्यांत मोजून मूल दोन वर्षांचें होईल तेव्हां कसें असेल याचा अंदाज बांधतां येतो. २०१९ सालच्या एका मोठ्या पाहणींत तो नेहमींच्या चित्रापेक्षां अधिक बिनचूक ठरला.

हिंदुस्थानांतील अर्भकांना हाच उपचार द्यावा, असें कोणासही वाटलें असतें, आणि कांहीं रुग्णालयांनीं तो सुरूही केला होता. तेव्हां भारत, श्रीलंका आणि बांगला देश येथील रुग्णालयांत ४०८ अर्भकांवर त्याची नीट परीक्षा घेण्यांत आली. २०२१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. मृत्यु किंवा अपंगत्व यांचें एकत्र प्रमाण गार ठेवलेल्यांत ५० टक्के, इतरांत ४७ टक्के, लाभ नाहीं. मृत्यूचें प्रमाण मात्र गार ठेवलेल्यांत ४२ टक्के, तर इतरांत ३१ टक्के. जो उपचार एका मुलुखांत जीव वाचवितो, तो दुसऱ्या मुलुखांत जीव घेतो, ही गोष्ट पचावयास जड आहे, आणि ती प्रामाणिकपणें छापून टाकणाऱ्यांचें ऋण मोठें आहे.

असें कां व्हावें, याबद्दल संशोधकांचा तर्क असा आहे, कीं इकडच्या पुष्कळ अर्भकांची हानि प्रसूतीच्या शेवटच्या घटकेंत एकाएकीं झालेली नसून मातेच्या पोटांत असतांनाच रेंगाळत सुरू झालेली असते. म्हणजे लंडनच्या आलेखांत दिसलेल्या त्या मोकळ्या घटका जन्मापूर्वींच सरून गेलेल्या असतात. तसें असेल, तर अर्भक हातीं येऊन त्याला गार करावयास घ्यावें, तोंवर बटव्याची गळती लागून बराच वेळ झालेला असतो.